उचलू नका, डोकं धरा!

अपघात झाला की गर्दी जमते. दोघं हात धरतात, दोघं पाय धरतात आणि जखमीला रिक्षात बसवतात. हेतू चांगलाच असतो. पण मणक्याला मार बसला असेल तर त्या अर्ध्या मिनिटात त्याच्या पायातली ताकद कायमची जाऊ शकते. मग करायचं काय? मदत करायची, पण कशी?

मोशी, चिखली, निगडी भागात कुणालाही विचारा, स्पाइन रोड कुठंय? डोळे मिटून सांगेल. क्लासला जायचं, कंपनीत जायचं, मित्राकडे जायचं, रस्ता तोच. हा रस्ता एका ठिकाणी तुंबला की मागचं सगळं थांबतं. म्हणून तर नाव स्पाइन, कणा.

आपल्या पाठीत असलेल्या स्पाइनचंही तसंच आहे. फरक एवढाच की रस्त्यावरचा जॅम तासा-दोन तासांनी सुटतो. पाठीतला सुटेलच असं नाही.

आता एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. चाकणचा तळेगाव चौक. संध्याकाळची वेळ. कंपन्यांच्या बस, कंटेनर, टेम्पो, आणि त्यांच्या फटीतून वाट काढणारे आपण टू-व्हीलरवाले. कुणाचा तरी कट लागतो, बाइक घसरते, पोरगा चार-पाच फूट लांब जाऊन पडतो. लगेच गर्दी. ‘उचला उचला’, ‘पाणी आणा रे’, ‘ए दादा, उठून बस बघू’, ‘रिक्षा थांबव’. कुणी खांद्याला धरून बसवतं, कुणी मान हलवून बघतं, कुणी हेल्मेट ओढून काढतं. मग उचलाउचली करून तो रिक्षात, दोघांच्या मधे, मान खाली लोंबकळत.

यातल्या एकाही माणसाचा हेतू वाईट नाही. उलट, जे नुसते मोबाइलवर व्हिडिओ काढतात त्यांच्यापेक्षा हे लोक शंभर पटींनी चांगले. पण या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. त्या पोराची मान किंवा पाठ मोडलेली असेल, तर त्याला बसवणं, वाकवणं, दुमडणं हे सगळ्यात धोक्याचं आहे.

आत नेमकं होतं काय?

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५ आणि त्याखाली एकमेकांना जोडले गेलेले माकडहाडापर्यंतचे मणके. या मणक्यांच्या मधोमध एक पोकळ नळी असते आणि त्या नळीतून मेंदूपासून खाली जाते ती मज्जारज्जू. जाडी साधारण करंगळीएवढी. लांबी जेमतेम दीड फूट. ‘पाय उचल’, ‘बोट हलव’, ‘इथं चटका बसतोय’ असे सगळे निरोप या एवढ्याशा दोरीतून ये-जा करतात.

हाडं टणक असतात, मज्जारज्जू मात्र अगदी मऊ. अपघातात मणका मोडला तरी कधी कधी आतली रज्जू वाचलेली असते. हाड तुटलंय, पण अजून जागेवर आहे. अशा वेळी माणूस पाय हलवू शकतो, बोलू शकतो, कधी तर उठून चालायलाही लागतो. बघणारे म्हणतात, ‘काही नाही झालं, ठीक आहे तो.’ आणि मग कुणीतरी त्याला काखेत हात घालून उचलतं, कंबर वाकते, तुटलेला मणका सरकतो आणि आतली रज्जू दाबली जाते.

जिथं रज्जूला मार बसतो, तिथून खालचं काम बिघडतं. कमरेच्या वर, छातीच्या मागे इजा झाली तर पाय जातात. लघवी-शौचावरचा ताबा जातो. मानेत झाली तर हातही जातात. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मज्जातंतूंवर श्वासाचा पडदा चालतो. तिथं दाब आला तर माणसाला श्वासही घेता येत नाही.

अपघातात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. ते आपल्या हातात नसतं. त्यानंतर होणारी दुसरी इजा मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते. ती उचलताना होते.

ओळखायचं कसं?

एक्स-रे काढल्याशिवाय मणका मोडलाय की नाही, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्यामुळे आपण निदान करायच्या भानगडीत पडायचं नाही. फक्त संशय घ्यायचा. आणि संशय आला की मणका मोडला आहे असं समजूनच वागायचं.

संशय कधी घ्यायचा?

• बाइकवरून फेकला गेला, गाडीने उडवलं, गाडी उलटली.

• उंचावरून पडला. शेडच्या पत्र्यावरून, शिडीवरून, बांधकामाच्या परातीवरून, झाडावरून.

• विहिरीत किंवा नदीत सूर मारला आणि डोकं तळाला आपटलं.

• डोक्याला किंवा चेहऱ्याला जोराचा मार आहे. डोकं आपटलं की मानेलाही झटका बसतोच.

• बेशुद्ध आहे, गोंधळल्यासारखं बोलतोय किंवा प्यायलेला आहे. अशा माणसाला कुठं दुखतंय ते धड सांगता येत नाही.

• मान किंवा पाठ दुखतेय म्हणतो. हातापायांना मुंग्या येतात, बधिर वाटतं, ताकद लागत नाही.

शेवटचा मुद्दा तपासायचा असेल तर त्याला हलवायचं नाही, नुसतं विचारायचं. ‘दादा, मान हलवू नका, फक्त बोला. पायाची बोटं हलतायत का? मी हात लावतोय ते कळतंय का?’ एवढं पुरे.

पहिली पाच मिनिटं

आता मुख्य काम. क्रम लक्षात ठेवा.

एक, रस्ता थांबवा. पुणे-नाशिक हायवेवर किंवा तळेगाव-शिक्रापूर रस्त्यावर मागून कंटेनर येत असतो. आधी स्वतः सुरक्षित, मग जखमी. दोघा-तिघांना मागे काही अंतरावर उभं करा. मोबाइलचा टॉर्च, बाइकचे इंडिकेटर, हात, जे असेल ते वापरून गाड्या वळवायला सांगा. ‘काका, तुम्ही एवढ्या गाड्या थांबवा’ असं एकाच माणसाकडे बघून सांगितलं की तो ऐकतो. ‘कुणीतरी थांबवा रे’ म्हटलं की कुणीच थांबवत नाही.

दोन, १०८ लावा. ही आपली सरकारी ॲम्ब्युलन्स सेवा. २०१४ मध्ये राज्यभर ९३७ गाड्यांनी सुरू झाली. कॉल जातो पुण्यात औंधच्या कंट्रोल रूमला. गाडीत डॉक्टर असतो आणि पैसे लागत नाहीत. पोलीस हवे असतील तर ११२. फोनवर सांगताना नुसतं ‘चाकणला ॲक्सिडेंट झालाय’ एवढ्यावर थांबू नका. कुठला चौक, कुठल्या कंपनीचं गेट, पुण्याकडे जाणारी बाजू की नाशिककडे जाणारी, हे सांगा. ‘मणक्याला मार असण्याची शक्यता आहे’ हे वाक्य आवर्जून बोला.

तीन, डोकं धरा. जखमी जसा पडलाय तसाच राहू द्या. तुम्ही त्याच्या डोक्याशी गुडघ्यावर बसा किंवा पालथे झोपा. दोन्ही कोपरं जमिनीला किंवा स्वतःच्या मांडीला टेकवा, म्हणजे हात दुखणार नाहीत. दोन्ही तळवे डोक्याच्या दोन बाजूंना ठेवा आणि डोकं आहे त्या स्थितीत स्थिर धरा. कान झाकू नका, त्याला ऐकू यायला हवं. ओढायचं नाही, दाबायचं नाही. मान वाकडी असेल आणि सरळ करताना दुखत असेल किंवा अडत असेल, तर हट्ट करायचा नाही. आहे तशीच धरायची. ॲम्ब्युलन्समधला माणूस येऊन ‘घेतलं मी’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

चार, बोलत राहा. हे वाटतं तेवढं साधं नाही. घाबरलेला माणूस उठायला बघतो, आवाज येईल तिकडे मान वळवतो. म्हणून त्याच्या समोर, त्याला दिसेल असं कुणीतरी बसायचं आणि सांगत राहायचं. ‘गाडी येतेय, घरी फोन करतोय, तुम्ही फक्त हलू नका.’ नाव विचारा, नावाने बोला.

पाच, रक्त आणि श्वास बघा. धो-धो रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, जे मिळेल ते जखमेवर घट्ट दाबून धरा. पाणी, चहा, गोळी काहीही द्यायचं नाही. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि पुढे ऑपरेशन लागू शकतं.

यात उचलण्याचा मुद्दा कुठंच नाही, हे लक्षात आलं का? घाई फोन लावण्यात करायची. हातांनी घाई करायची नाही.

हेल्मेट काढायचं का?

शक्यतो नाही. श्वास नीट चाललाय, बोलतोय, तर हेल्मेट तसंच राहू द्या. फक्त काच वर करा.

श्वास अडतोय, तोंडात रक्त किंवा उलटी आहे, श्वासच नाही, तर काढावं लागतं. पण एकट्याने नाही. एकाने डोक्याच्या बाजूने हेल्मेट आणि जबडा दोन्ही एकत्र धरायचे. दुसऱ्याने बाजूला बसून पट्टा सोडायचा किंवा कापायचा, मग एक हात हनुवटीला आणि दुसरा मानेखाली, कवटीच्या बुडाशी, असा आधार द्यायचा. त्यानंतर पहिल्याने हेल्मेट दोन्ही बाजूंनी थोडं फाकवून हळूहळू सरळ रेषेत बाहेर काढायचं. दुसऱ्याचा आधार शेवटपर्यंत सुटता कामा नये.

हलवावंच लागलं तर?

‘हलवू नका’ हा नियम आहे, पण आंधळा नियम नाही. जीव आधी, मणका नंतर. गाडीला आग लागली, गॅस गळतोय, पाण्यात पडलाय, अंगावर काही कोसळण्याची भीती आहे, तर हलवायलाच हवं. श्वास आणि नाडी थांबली असेल तर पाठीवर घेऊन सीपीआर सुरू करायचा. मानेच्या काळजीने सीपीआर लांबवायचा नाही.

एकटे असाल आणि धोका असेल तर ओढा, पण सरळ रेषेत. डोक्याच्या बाजूला उभे राहा, काखेखाली किंवा खांद्याजवळच्या कपड्यांना घट्ट धरा, त्याचं डोकं तुमच्या दोन्ही हातांच्या मधे टेकू द्या आणि मागे मागे सरका. एका हाताला धरून तिरकं ओढू नका. हात-पाय धरून झोळी तर कधीच करू नका. झोळीत कंबर बरोबर मधोमध दुमडते.

उलटी होतेय आणि कुशीवर करायचंय, किंवा पाठीखाली फळी सरकवायचीय, तर ‘लॉग रोल’. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. ओंडका फिरवताना तो मधे पिळला जात नाही, सगळा एकदम फिरतो. माणसालाही तसंच फिरवायचं.

यासाठी किमान चार जण लागतात. एक डोक्याशी. तोच कॅप्टन. बाकी तिघं एकाच बाजूला ओळीने गुडघ्यावर. पहिल्याचा एक हात जखमीच्या पलीकडच्या खांद्यावर, दुसरा कमरेवर. दुसऱ्याचा एक हात कमरेवर, एक मांडीवर. तिसऱ्याकडे पाय. कॅप्टन म्हणतो, ‘तीन म्हटल्यावर. एक, दोन, तीन.’ आणि सगळे मिळून त्याला आपल्याकडे वळवतात. डोकं, छाती, कंबर, पाय, सगळं एका वेळी, एका रेषेत. पाचवा माणूस असेल तर तो फळी सरकवतो. परत ठेवतानाही मोजूनच ठेवायचं.

कॅप्टन सोडून दुसऱ्या कुणी मोजायचं नाही. गर्दीत प्रत्येक जण ऑर्डर देतो, आणि घोळ तिथंच होतो.

ॲम्ब्युलन्स आली की

गाडीतून चार वस्तू बाहेर येतील. मानेचा पट्टा, म्हणजे सर्व्हायकल कॉलर. मधोमध दोन भागांत सुटणारं स्कूप स्ट्रेचर. त्याचे दोन भाग दोन बाजूंनी अंगाखाली सरकवून पुन्हा जोडतात, त्यामुळे माणसाला फार फिरवावं लागत नाही. प्लास्टिकचा लांब स्पाइन बोर्ड. आणि डोक्याच्या दोन बाजूंना लावायचे ठोकळे.

गंमत म्हणजे या बाबतीत वैद्यकशास्त्रानेही स्वतःचं मत बदललंय. कित्येक वर्षं जगभर एकच पद्धत होती. अपघात म्हटला की घाला कॉलर, बांधा कडक बोर्डवर. पुढे लक्षात आलं की तासन् तास कडक बोर्डवर ठेवलं तर पाठीला फोड येतात, दुखणं वाढतं, श्वास घ्यायला त्रास होतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सर्जन, इमर्जन्सी डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून एक निवेदन काढलं. त्यात शब्दच बदलला. मणका ‘जखडून टाका’ ऐवजी मणक्याची ‘हालचाल मर्यादित ठेवा’. बोर्ड उचलायला आणि न्यायला वापरा, तो गादी नव्हे. ज्याला गरज आहे त्यालाच कॉलर लावा.

त्याआधी २०१५ च्या अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि रेड क्रॉसच्या प्रथमोपचार सूचनांत तर आपल्यासारख्या सामान्य माणसांनी सरसकट कॉलर लावूच नये, असं सांगितलं होतं. म्हणजे टॉवेल गुंडाळून घरगुती कॉलर बनवायचे व्हिडिओ बघून प्रयोग करायची गरज नाही. दोन स्थिर हात पुरतात. यापेक्षा स्वस्त उपकरण कुठलं?

पण गाडी जॅममध्ये अडकली तर?

हा प्रश्न चाकणमध्ये कुणीही पहिला विचारणार. आंबेठाण चौक, तळेगाव चौक, आळंदी फाटा, या नावांबरोबर ट्रॅफिक हा शब्द आपोआप येतो. सायरन वाजतोय आणि गाडी इंचभरही सरकत नाही, हे दृश्य इथं नवीन नाही.

तर आधी पुन्हा फोन करा. गाडी नेमकी कुठं आहे विचारा. दोन-चार पोरं बाइकवर पुढे पाठवून वाट मोकळी करता येते. शेजारच्या कंपनीच्या गेटवर विचारा. मोठ्या कंपन्यांकडे स्वतःची ॲम्ब्युलन्स आणि स्ट्रेचर असतं. स्ट्रेचर मिळालं तरी अर्धं काम झालं.

काहीच मिळालं नाही आणि माणसाची तब्येत ढासळतेय, तर शेवटचा उपाय म्हणून खासगी गाडी. पण रिक्षा नको, कारची मागची सीट नको. तिथं माणूस दुमडल्याशिवाय मावतच नाही. मागचा हौदा सपाट असलेला छोटा हत्ती किंवा पिकअप बघा. जाड प्लायवूड, दार, मजबूत फळी, काहीतरी सपाट आणि माणसाच्या उंचीचं शोधा. लॉग रोल करून फळीवर घ्या. छाती, कंबर, मांड्या ओढणीने किंवा बेल्टने फळीला बांधा. छातीवरची गाठ श्वास अडेल एवढी आवळू नका. डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली जॅकेट लावा आणि एकाने हाताने डोकं धरूनच बसा. ड्रायव्हरला सांगा, ‘भाऊ, दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल, स्पीड ब्रेकरवर उडवू नका.’

आणि जवळचं कुठलंही हॉस्पिटल नव्हे, तर जिथं सीटी स्कॅन आणि ऑपरेशनची सोय आहे तिथं जायला हवं. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचं मोठं वायसीएम हॉस्पिटल आहे. १०८ वर विचारलं तर कुठं न्यायचं ते तेही सांगतात.

‘गोल्डन अवर’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय. अपघातानंतरचा पहिला तास. पण त्याचा अर्थ माणूस उचलून पळत सुटा असा नाही. त्या तासातली तीन मिनिटं नीट उचलण्यात गेली तर काही बिघडत नाही. नीट न उचलल्याने मात्र पुढची तीस-चाळीस वर्षं बिघडू शकतात.

शॉप फ्लोअरवरही

आपल्यातले कित्येक जण डिप्लोमा-आयटीआय करून ॲप्रेंटिस म्हणून कंपनीत जातात, किंवा कॉलेज करता करता शिफ्ट करतात. भोसरी, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, कुठंही. तिथला धोका वेगळा. पत्रा बदलताना शेडवरून पडणं, रॅकवरून माल अंगावर येणं, फोर्कलिफ्टचा धक्का लागणं.

इथं क्रमात एकच गोष्ट वाढते. आधी मशीन बंद, करंट बंद. बाकी सगळं तेच. सुपरवायझर ‘याला आधी बाजूला घ्या, लाइन चालू करा’ म्हणाला तरी आधी डोकं धरायचं आणि स्ट्रेचर मागवायचं. शांतपणे, पण ठामपणे. ‘सर, मान मोडलेली असू शकते. स्ट्रेचर येईपर्यंत हलवायला नको.’ एवढं स्पष्ट सांगितल्यावर सहसा कुणी वाद घालत नाही.

आणि हा काही कुणाचा उपकार नव्हे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच लिहिलं गेलं की दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी, तिची जबाबदारी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडे, आणि ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर ॲम्ब्युलन्स रूम. कामावर रुजू झाल्यावर पहिल्या दिवशी कॅन्टीन कुठंय हे आपण विचारतोच. स्ट्रेचर कुठं ठेवलंय, हेही विचारून ठेवा.

‘पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार?’

घरचे हमखास हेच म्हणतात. ‘नको थांबूस रे, कोर्टाच्या खेपा कोण घालणार?’ ही भीती एकेकाळी खरी होती. आता कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूने उभा आहे.

सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था सुप्रीम कोर्टात गेली. ३० मार्च २०१६ रोजी कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचना देशभर बंधनकारक केल्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. त्याचा सरळ अर्थ असा : अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करताना काही कमी-जास्त झालं, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. हॉस्पिटलला तुमच्याकडे पैसे मागता येत नाहीत.

उलट बक्षीस आहे. गंभीर जखमीला गोल्डन अवरमध्ये हॉस्पिटलला पोहोचवणाऱ्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने ५ हजार रुपये जाहीर केले होते, २०२५ मध्ये ते २५ हजार झाले. आणि जखमीच्या खर्चाचं म्हणाल तर मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस योजना आहे. पहिले ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत.

म्हणजे कायद्याने रस्ता मोकळा केलाय. आता प्रश्न उरतो तो फक्त आपल्या हातांचा.

कणा मोडल्यावरचं आयुष्य

पिंपरी-चिंचवडला लागूनच खडकी आहे. तिथं १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याच्या इजेमुळे कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेले सैनिक तिथं राहतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, कुणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात.

‘चंदू चॅम्पियन’ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ते मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, मणक्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर गेलं. त्याच माणसाने १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

मणका मोडला म्हणजे आयुष्य संपलं असं नाही, हे अशी माणसं दाखवून देतात. त्यांच्याबद्दल आदर वाटतोच. पण त्या मागची किंमतही बघायला हवी. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. लघवीची नळी सांभाळावी लागते. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, तर घराबाहेर पडणं म्हणजे चार माणसांचं काम. चाकणच्या भाड्याच्या खोलीत राहून गावाकडे पैसे पाठवणारा बावीस वर्षांचा पोरगा, आणि त्याच्यावर ही वेळ आली तर? नोकरी बहुतेक कंत्राटी. मागे आई-वडील. युद्धातली गोळी कुणाला थांबवता आली नाही. चौकातली उचलाउचली मात्र आपण थांबवू शकतो.

दहा मिनिटांची प्रॅक्टिस

हे सगळं वाचून येत नाही. हातांनी करून बघावं लागतं. आणि त्यासाठी ना फी लागते, ना सर्टिफिकेट.

हॉस्टेलच्या खोलीत किंवा कॉलेजच्या ग्राउंडवर पाच जण जमा. एक जण जमिनीवर आडवा. एकाने डोकं धरायचं, पूर्ण पाच मिनिटं, घड्याळ लावून. हात किती भरून येतात ते तेव्हा कळतं आणि कोपरं का टेकवायची तेही कळतं. मग लॉग रोल. पहिल्यांदा सगळे हसतील, कंबर आधी फिरेल, डोकं मागे राहील. चौथ्या-पाचव्या वेळी पाचही जण एका आवाजावर फिरवायला लागतील. जो आडवा झोपलाय त्याला विचारा, मान पिळली का? त्याचं उत्तर हाच तुमचा रिझल्ट.

एनएसएसचा कॅम्प असतो, एनसीसीची परेड असते, गणपती मंडळाची पोरं असतात, ट्रेकिंगचा ग्रुप असतो. कुठंही अर्धा तास काढता येईल. शक्य असेल तर १०८ च्या किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना बोलवा आणि चुका काढायला सांगा.

या पट्ट्यात रोज लाखो माणसं टू-व्हीलरवरून कामाला जातात आणि रात्री परत येतात. त्यातला कुणी पडला, तर १०८ च्या डॉक्टरच्याही आधी तिथं पोहोचणारा माणूस तुम्ही असाल. त्या वेळी गर्दीतून एक आवाज यायला हवा. ‘थांबा, उचलू नका. मी डोकं धरतो, तुम्ही फोन लावा.’